पुट निवण्याची वाट

“मग निवतं कधी, सर?”

हेमांगीने हे विचारलं तेव्हा सर खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

खड्डा म्हणजे मठाच्या मागचा पुटाचा खड्डा. शंखाचे तुकडे मातीच्या दोन परळांत बंद करायचे, सांध्यावर चिखलात भिजवलेलं कापड गुंडाळायचं, खाली-वर शेणी रचून पेटवून द्यायचं. याला पुट देणं म्हणतात. आत शंखाचं भस्म होतं आणि आसपासचे वैद्य ते घेऊन जातात. कालच पुट दिलेलं होतं. वरून पाहिलं तर नुसती राख, तीही शांत.

“कशाबद्दल विचारतेस?” सर म्हणाले.

“माणसाबद्दल.”

सरांनी आता वर पाहिलं.

सर म्हणजे रामलिंग गणबावले. कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. नोकरी संपली आणि ते आंबेखोऱ्यातल्या या मठात येऊन राहिले. इथले आधीचे महाराज त्यांचे गुरू. महाराज गेले आणि भगवी छाटी यांच्या अंगावर आली, पण ‘महाराज’ म्हटलेलं यांना चालत नाही. छाटी घातलेल्या माणसाला सगळं गाव ‘सर’ म्हणतं, असं दुसरं ठिकाण मी तरी पाहिलेलं नाही.

मी काही त्यांचा शिष्य नव्हे. पाठीला लावायचं तेल न्यायला येतो आणि चहा होईपर्यंत बसतो. चहा इथे फार सावकाश होतो, त्यामुळे बरंच काही कानावर पडतं. त्या दुपारी मी खड्ड्यापासून हाताच्या अंतरावर पुढच्या पुटाच्या परळांना चिखलाचं कापड गुंडाळत होतो. फुकट चहा प्यायचा तर एवढं तरी करावं.

या मठाला एक खोड आहे. सर शिकवतात रसायनशास्त्र आणि लोक घरी नेतात उपदेश.

एकदा सर स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, दुधाखालचा जाळ कमी कर. ओसरीवर एक कापडवाला बसला होता. त्याने डोळे मिटले, हात जोडले आणि तडक घरी जाऊन सुनेशी गोड बोलायला लागला. सून बिचारी घाबरून माहेरी निघाली होती म्हणे. आणखी एकाने “बाटलीचं बूच घट्ट लाव” एवढं ऐकलं आणि महिनाभर मौन धरलं. त्याच्या बायकोने नंतर येऊन सरांना साडी-चोळीसारखा मान म्हणून शाल दिली, ती मात्र मनापासून.

सर चिडायचे. अरे, मी पदार्थाबद्दल बोलतोय, पदार्थाबद्दल, असं परत परत सांगायचे. लोक हसून माना डोलवायचे. थोर माणसं असंच म्हणतात, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर पुढे पुढे सर फारसे चिडेनासे झाले. आपण सहज बोलावं आणि समोरच्याने ते जपून घरी न्यावं... कुणाला आवडणार नाही?

हेमांगी मात्र तशी नव्हती. निदान आली तेव्हा नव्हती.

हेमांगी पोवार पहिल्यांदा आली ती नुकतीच एम.एस्सी. होऊन. भस्म होताना किती उष्णता लागते, किती सुटते, यावर तिला पीएच.डी. करायची होती. थर्मामीटरांची पेटी काखेत आणि नाक चांगलंच वर. पहिल्याच दिवशी तिने सरांना सांगून टाकलं, की उष्मारसायनाची मूळ तत्त्वं माझी झालेली आहेत, मला इथून फक्त मोजमापं हवी आहेत.

सर म्हणाले, बरं. मग त्यांनी विचारलं, सुरीला धार लावताना चाकावरून उडते ती ठिणगी जास्त तापलेली, की बादलीभर कोमट पाणी?

“तापमान ठिणगीचं जास्त, उष्णता बादलीत जास्त,” हेमांगी म्हणाली. “हे अकरावीला असतं, सर.”

“असतं खरं.”

दुसऱ्या दिवशी सरांनी तिच्यासमोर कळीच्या चुन्यावर पाणी घातलं. चुना फुगला, फुटला, पाणी रटरटायला लागलं. खाली जाळ नाही, काही नाही. मग त्यांनी काचेचा पेला तिच्या हातात दिला, त्यात पाणी ओतलं आणि वर मूठभर नवसागर टाकला. पेला बघता बघता असा गार पडला, की बाहेरून दव धरलं.

ओसरीवरच्या मंडळींना हा चमत्कार वाटला. एका आजींनी पेल्याला नमस्कारही केला. हेमांगीने सगळ्यांना समजावून सांगितलं, की पहिली अभिक्रिया उष्मादायी आहे, दुसऱ्या क्रियेत उष्णता शोषली जाते. थंडी कुठून येत नसते, उष्णता जात असते. नवसागराचे कण एकमेकांपासून सुटे व्हायला उष्णता लागते, ती ते पाण्यातून घेतात आणि पाणी माझ्या हातातून घेतं.

“आणि हात?” सरांनी विचारलं.

“हात गार पडतो. एवढंच.”

तिने पेला खाली ठेवला आणि ओढणीला हात पुसला. सरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. तिचं उत्तर बरोबर होतं.

तरीही ती टिकली. सुट्टी लागली की यायची, खड्ड्याच्या कडेने थर्मामीटर खुपसून बसायची, राखेने केस पांढरे करून घ्यायची. सर तिच्या आकड्यांतल्या चुका काढायचे. ती भांडायची आणि मग मुकाट दुरुस्त करायची. हळूहळू नाक खाली आलं. सरांबद्दल आदर वाढला, आणि आदराच्या मागून मठाची ती खोडही तिला लागली असावी. आम्हाला कुणाला ते दिसलं नाही.

तिला पीएच.डी. मिळाली तेव्हा तिच्या गावाने सत्कार ठेवला.

हेमांगीला वाढवलं ते तिच्या थोरल्या भावाने, धनाजीने. आईबाप लवकर गेले. धनाजीने शाळा सोडली, एस.टी.त कंडक्टर झाला आणि बहिणीला शिकवलं. त्याला मूलबाळ नव्हतं. तो, त्याची बायको मालन आणि ही बहीण, एवढंच घर. सत्काराला तो फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला होता. कुणीतरी आग्रह केला म्हणून बोलायला उभा राहिला.

बसमध्ये दिवसभर ओरडणारा माणूस, पण माईकसमोर आवाज फुटेना. मग एकदम घडाघडा म्हणाला, “आमच्या हेमानं उष्णतेवर अभ्यास केलाय. दोन अणू एकमेकाला धरून असत्यात. त्यांचं तोडलं, की त्यातनं उष्णता भाईर पडती.”

टाळ्या पडल्या. गावाला काही कळलं नव्हतं, पण धनाजी अणूंबद्दल बोलतोय याचंच अप्रूप.

हेमांगीच्या हातात दुसरा माईक होता.

“दादा, उलटं सांगितलंस,” ती हसत म्हणाली. “तोडायला उष्णता लागते. जुळताना ती बाहेर पडते.” आणि वर म्हणाली, की हा घोटाळा आमच्या कॉलेजची नापास पोरंही करतात.

मांडव हसला. धनाजीही हसला. मग त्याने फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि पंगत बसायच्या आधी घरी निघून गेला.

मागून हेमांगी घरी गेली. तिला वाटलं, दादा रुसलाय. तिने चिडवलं, हाक मारली, परत हाक मारली. तो पाठ करून बसला होता. शेवटी तेवढंच म्हणाला, आता तुझं तोंड दाखवू नगंस मला.

हे सगळं तिने त्या वेळी मठात येऊन सांगितलं नाही. आली ती गप्प गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत जायचं आणि दादाचे पाय धरायचे, असं ठरवून तिने बॅगही भरून ठेवली होती. दिवस सरेना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून ती मागे गेली आणि आदल्या दिवशी दिलेलं पुट उकरायला बसली.

वरची राख गार होती. आतला परळ गार नव्हता. बाहेरची हवा लागली आणि तो तडकला. राख आत पडली, भस्म वाया गेलं.

आवाज ऐकून सर आले. मला वाटलं, आता हिची खैर नाही. पण ते रागावले नाहीत. खाली बसून खापरीचे तुकडे गोळा करायला लागले.

“वरची राख गार असली म्हणून आतलं गार नसतं,” ते म्हणाले. “आपोआप निवू द्यायचं. आपण मध्येच उकरायला गेलो, की तडकतं.”

हेमांगीनेही एक तुकडा उचलला. मग तिने विचारलं, “हे सगळ्यालाच लागू आहे का, सर?”

सरांनी हातातला तुकडा खाली ठेवला... आणि मान हलवली. होकाराची.

संध्याकाळी हेमांगीने भरलेली बॅग मोकळी केली.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं गेली असतील. ती कॉलेजात शिकवायला लागली, विभागप्रमुख झाली, सुट्टीत मठात येत राहिली. दादाकडे गेली नाही. पण दादाची खबर ठेवायची. बबन नावाचा चुलतभाऊ होता, तो फोनवर सांगायचा. आधी आधी दादासमोर हेमाचं नाव काढलं, की तो भरल्या ताटावरून उठायचा. काही वर्षांनी उठायचा नाही, पण घास हातात तसाच राहायचा. मग नुसता गप्प बसायला लागला. आणि गेल्या दिवाळीत त्याने बबनला आपणहून विचारलं, बरी हाय न्हवं?

त्या दिवाळीत ती मठात आली होती. फार खुशीत होती. आल्या आल्या सरांना म्हणाली, “निवत आलंय, सर.”

सर म्हणाले, बरं झालं. काय निवत आलंय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, कॉलेजातलं काही भांडण असेल. मलाही तसंच वाटलं.

दादाने विचारलं, म्हणजे आता गेलं तरी चालेल, असं तिच्या मनात आलं होतं. मग वाटलं, आणखी थोडं. एवढं थांबले, आता घाई करून तडकायला नको. दुसऱ्या कुणी असा विचार केला नसता. नणंद-भावजय, भाऊ-बहीण भांडतात आणि पुढच्या सणाला मुकाट एका पंगतीला बसतात, जगभर असंच चालतं. पण हिने खड्डा पाहिलेला होता.

धनाजी गेल्या पंधरवड्यात गेला. स्टँडवर चहा पीत उभा होता, छातीत कळ आली, तिथेच बसला. हेमांगीला बबनचा फोन आला तोवर अग्नी देऊन झाला होता.

तिने मालनवहिनींना फोन केला. वहिनी म्हणाल्या, “तुझं पुस्तक घिऊन बसत हुते त्ये, सत्काराआधी आठवडाभर. तेवढं एक वाक्य पाठ कराय.”

आणि फोन ठेवला.

नंतर बबनकडून निरोप आला. उत्तरकार्याला यायची गरज नाही.

उत्तरकार्य उद्यावर आलं होतं.

हे सगळं तिने त्या दुपारी खड्ड्याजवळ उभं राहून सांगितलं. मध्ये थांबली नाही, रडली नाही. वर्गात शिकवतात तसं सांगितलं. माझ्या हातातलं चिखलाचं कापड वाळून गेलं, पण मला तिथून उठवेना.

“आता वहिनी पेटलेल्या आहेत,” ती म्हणाली. “मी उद्या गेले तर तडकेल सगळं. म्हणून विचारते, कधी निवतं? उद्याचं सोडते. वर्षश्राद्धाला जाऊ? का त्याच्याही पुढे?”

सर राखेकडे बघत होते.

“तू दादाकडे गेली नाहीस...” ते सावकाश म्हणाले. “ते त्या परळामुळे?”

“तुम्ही मान हलवलीत, सर.”

...

चहा आला. कुणी हात लावला नाही. आणणाऱ्या बाई एकदा सरांकडे, एकदा हेमांगीकडे बघून थाळी खाली ठेवून गेल्या.

मला वाटलं, आता सर म्हणतील, मी पदार्थाबद्दल बोलत होतो. इतकी वर्षं तेच तर म्हणत आले होते. पण ते म्हणाले नाहीत. त्यांचं तोंड एकाएकी फार म्हातारं दिसायला लागलं.

“शेवटी दादाचा राग निवला होता म्हणतेस,” ते म्हणाले.

“हो.”

“कसा?”

“आपोआप.”

“आपोआप,” सर म्हणाले. “तू रसायनशास्त्र शिकवतेस?”

हा प्रश्न हेमांगीला लागला असावा.

“प्रणाली म्हणजे काय?”

“आपण जिचा अभ्यास करतो ती वस्तू,” ती यांत्रिकपणे म्हणाली. “इथे, खड्ड्यातला परळ.”

“आणि परिसर?”

“उरलेलं सगळं.”

“प्रणाली थंड होते तेव्हा तिची उष्णता कुठं जाते?”

“परिसरात.”

“नाहीशी होत नाही?”

“नाही, सर. नाहीशी कशी होईल?”

हे बोलताना तिचा आवाज जरा चढला. परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं असेल. भाऊ जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि हा माणूस अकरावीचे प्रश्न विचारतोय, याचा मलाही राग आला. खोटं कशाला बोलू, मी मनात सरांना बरंच काही म्हणालो.

“चपला काढ,” सर म्हणाले.

“काय?”

“चपला काढ. आणि इथे ये.”

तिने चपला काढल्या आणि सरांनी बोट दाखवलं तिथे, खड्ड्याच्या अगदी कडेला, मातीवर पाय ठेवला. चटकन उचलला. मग परत ठेवला.

माती तापलेली होती. वर ना धूर, ना निखारा, कडेचं गवतही जागेवर होतं. नुसती माती, रोजची माती दिसते तशी. मीही हात लावून पाहिला आणि काढून घेतला.

“काल सकाळी, पेटवायच्या आधी, ही गार होती,” सर म्हणाले.

हेमांगी उभी होती. पाय भाजत असणार, पण तिने ते हलवले नाहीत.

“दादाच्या घरात कोण कोण होतं?”

“वहिनी.”

“आणखी?”

तिची नजर पायाखालच्या मातीवर गेली.

“आणखी कोण, हेमा?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “दोघंच होते.”

...

मग ती रडली. उभ्या उभ्या, हात दोन्ही बाजूंना तसेच सोडून. असं रडणं बघवत नाही. भरल्या ताटावरून उठून जाणारा दादा मलाही त्या क्षणी दिसला, आणि त्या ताटासमोर मागे राहिलेली बाईही दिसली, जिच्याबद्दल इतका वेळ मी एकदाही विचार केला नव्हता. बबनने तिची खबर कधी दिली नव्हती. हेमांगीने कधी विचारली नव्हती.

“दादा रागाने ताटावरून उठायचा,” हेमांगी हुंदके देत म्हणाली. “बबन मला ताटाबद्दल सांगायचा. मी म्हणायचे, कमी होतंय... कमी होतंय. मी इतकी वर्षं मोजत होते, सर. माझ्यासारखीने मोजावं आणि वहिनींकडे बघूही नये?”

सर उठले. गुडघे धरून, हळूहळू उठले. त्यांनी आपल्या खडावा काढल्या आणि तिच्या शेजारी त्या तापलेल्या मातीवर उभे राहिले. त्यांची पावलं म्हातारी, टाचांना भेगा. चटका बसला तसा त्यांचा चेहरा आकसला, पण ते बाजूला झाले नाहीत.

मी उठून काहीतरी म्हणणार होतो. त्यांनी हातानेच मला बस म्हटलं.

“त्या दिवशी तू विचारलंस, सगळ्यालाच लागू आहे का,” ते म्हणाले. “तू परळाबद्दल विचारत नाहीस, हे मला तेव्हाच कळलं होतं.”

हेमांगीने डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं.

“मग मान का हलवलीत?”

“बरं वाटलं मला.”

...

“काय विचारतेस, कुणाबद्दल विचारतेस, एवढं जरी मी विचारलं असतं...” त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. “तू हुशार होतीस. बाकीचे लोक काहीही घेऊन जायचे, पण तू सहजासहजी घेणारी नव्हतीस. तू घेतलंस, म्हणून फार बरं वाटलं.”

तिने त्यांना माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती त्यांच्या पायाही पडली नाही, आणि दूरही झाली नाही. त्या मातीवर दोघं शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांच्याही तोंडाकडे बघायची माझी छाती होत नव्हती. मी वाळलेलं कापड परत भिजवायला घेतलं. काहीतरी करायला हवं होतं.

उन्हं उतरली. कोल्हापूरची गाडी फाट्यावर येण्याची वेळ झाली होती. त्याच गाडीने गेलं तर सकाळी तिच्या गावी पोचता येतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

हेमांगीने चपला हातात घेतल्या. घातल्या नाहीत.

“जाऊन काय करू, सर? दादा तर...” तिने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, “माफी कुणाची मागू?”

“माफी मागायला जाऊ नकोस.”

“मग वहिनींना काय सांगू? मी अशी थांबून राहिले होते, कारण एकदा एक परळ तडकला होता, असं सांगू?”

“काही सांगू नकोस.”

“त्या बोलतील.”

“बोलू देत. ते बाहेर पडायला समोर कुणीतरी लागतं.”

“तुम्ही वहिनींना पाहिलेलं नाही. दादासमोर कधी आवाज चढवला नाही त्यांनी. मी गेले की सगळ्या भावकीसमोर बोलतील. इतक्या वर्षांचं एकदम निघेल. माझ्याच्याने...” तिने चपला या हातातून त्या हातात घेतल्या. “आणि आत तर त्या घेणारच नाहीत. उंबऱ्यावरूनच घालवून देतील.”

सरांनी मातीवरून पाय उचलले नव्हते.

“आत जायला कोण सांगतंय?” ते म्हणाले. “तू दारात उभी राहा.”